‘सी’ यकृतशोथ : विषाणू गेल्यानंतरची प्रतिरक्षा

‘कावीळ’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत एका रोगाचे नाव म्हणून रूढ आहे. वस्तुतः ते केवळ एक लक्षण होय. यकृताला सूज आली की रक्तातील पित्तरंजकाचे प्रमाण वाढते, डोळे पिवळे दिसू लागतात आणि लघवी गडद होते. दूषित पाण्यावाटे व अन्नावाटे पसरणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ या प्रकारच्या यकृतशोथात ही लक्षणे ठळकपणे दिसतात. त्यातील बहुसंख्य रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि बरे होण्याचे श्रेय मात्र गळ्यात घातलेली माळ घेऊन जाते. गरोदर स्त्रियांना ‘ई’ प्रकार प्राणघातक ठरू शकतो, ही गोष्ट तेवढी त्या श्रेयात विसरली जाते.

‘सी’ विषाणूमुळे होणारा यकृतशोथ नावाने याच कुळातील असला तरी स्वभावाने अगदी निराळा आहे. तो पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. बहुतेक रोग्यांना सुरुवातीला कावीळ होतच नाही. थोडा थकवा, भूक मंदावणे, एवढ्यावर भागते आणि पुढे वीस-वीस वर्षे काहीच जाणवत नाही. या काळात यकृतात व्रणतंतू वाढत राहतात. दीर्घकालीन संसर्ग झालेल्या शंभर रोग्यांपैकी पंधरा ते तीस जणांना साधारणपणे वीस वर्षांत यकृताचा सिऱ्हॉसिस होतो आणि त्यांच्यापैकी काहींना पुढे यकृताचा कर्करोग जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातील सुमारे ५ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता.

आज या रोगावर खात्रीचे औषध आहे व ते शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य मिळते. परंतु उपचार संपल्यानंतर दोन प्रश्न वारंवार उभे राहतात. पहिला असा की, रोगमुक्त ठरविलेल्या व्यक्तीची एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी पुन्हा रक्ततपासणी झाली आणि ती ‘सी’ करिता होकारार्थी आली, तर रोग उलटला असे समजावे काय? दुसरा प्रश्न याच्या उलट आहे. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. त्याप्रमाणे ‘सी’ यकृतशोथातून बरा झालेला मनुष्य यापुढे सुरक्षित झाला काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याचे कारण औषधात नसून औषधाच्या काळात आणि त्यानंतर शरीराच्या प्रतिरक्षेत काय घडते, त्यात आहे.

विषाणूचा शोध

१९७० नंतरच्या दशकात ‘ए’ व ‘बी’ या दोन्ही विषाणूंच्या चाचण्या उपलब्ध झाल्या, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. रक्त घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या अनेक रोग्यांत या दोहोंपैकी कोणताच विषाणू सापडत नव्हता. अमेरिकेतील हार्वे आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ही बाब प्रसिद्ध केली, आणि कित्येक वर्षे या रोगाला ‘ए-ही नव्हे, बी-ही नव्हे’ असेच नाव राहिले. विषाणू डोळ्यांना न दिसताच केवळ त्याच्या जनुकीय अंशावरून १९८९ साली त्याची ओळख पटली. हे काम मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पुढे चार्ल्स राइस यांनी हा विषाणू एकटा यकृतशोथ घडवून आणण्यास पुरेसा आहे हे सिद्ध केले. या तिघांना २०२० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिरक्षा आणि तिला मिळणारा चकवा

कोणताही विषाणू पेशीत शिरला की ती पेशी प्रथम स्वतःच धोक्याची सूचना देते. या सूचनेचे रासायनिक रूप म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ साली आयझॅक्स व लिंडनमान यांनी त्याचा शोध लावला. इंटरफेरॉनमुळे आजूबाजूच्या पेशी सावध होतात आणि विषाणूच्या वाढीला अडथळा आणणारी शेकडो जनुके कार्यान्वित होतात. ही झाली पहिली फळी. काही आठवड्यांनंतर दुसरी फळी उभी राहते. तीत एका बाजूला विषाणूला चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे असतात, आणि दुसऱ्या बाजूला बाधित पेशी हुडकून नष्ट करणाऱ्या मारक टी-पेशी व त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या साहाय्यक टी-पेशी असतात. लढाई संपल्यावर यांतील थोड्या पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. गोवर दुसऱ्यांदा होत नाही तो या स्मृतीमुळेच.

‘सी’ विषाणू या दोन्ही फळ्यांना चकवितो. त्याचे एक एंझाइम स्वतःची प्रथिने कापून वेगळी करण्याचे काम करते. तेच एंझाइम यकृतपेशीतील धोक्याची सूचना वाहून नेणारे प्रथिनही कापून टाकते. चोराने दाराचे कुलूप तोडावे आणि त्याच हत्याराने घंटेची दोरीही कापावी, तसा हा प्रकार आहे. दुसरी युक्ती वेगाची. एका रोग्याच्या शरीरात दिवसाला सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात, असा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. विषाणूचा वंशलेख, म्हणजे त्याचा आर. एन. ए., नकलताना होणाऱ्या चुका सुधारण्याची सोय त्याच्याजवळ नाही. त्यामुळे नव्या पिढीत थोडेथोडे वेगळे असंख्य विषाणू निर्माण होतात. प्रतिपिंडे कालच्या विषाणूचा वेध घेतात, तोवर आजचा विषाणू बदललेला असतो.

असे असूनही काही जण कोणत्याही औषधावाचून विषाणूमुक्त होतात. आयर्लंडमध्ये १९७७-७८ साली ऱ्हीसस-ऋण मातांना प्रसूतीनंतर दिल्या जाणाऱ्या रक्तजन्य औषधाचा काही साठा दूषित होता. त्यातून बाधा झालेल्या स्त्रियांची सुमारे सतरा वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हा रक्तात प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांच्या रक्तात विषाणू उरलेलाच नव्हता. सर्वसाधारणपणे हे प्रमाण याहून कमी, म्हणजे शंभरात तीस किंवा त्याच्या आसपास, असते. ज्यांच्या टी-पेशी आरंभीच जोरकस व अनेक अंगांनी हल्ला चढवितात, त्यांनाच हे यश मिळते. उरलेल्यांच्या शरीरात सहा महिन्यांनंतरही विषाणू टिकून राहतो व रोग दीर्घकालीन होतो.

प्रतिरक्षेच्या हातून उपचार

१९८६ पासून जवळजवळ पाव शतक या रोगाच्या उपचाराचा आधार एकच होता : इंटरफेरॉन बाहेरून टोचावयाचे आणि शरीराच्या पहिल्या फळीला जोर द्यावयाचा. प्रथम आठवड्यातून तीन, पुढे सुधारित औषधाची आठवड्याला एक, अशी इंजेक्शने सहा महिने ते एक वर्ष घ्यावी लागत. १९९८ पासून जोडीला रिबाव्हिरिन आले. ताप, अंगदुखी, रक्तक्षय आणि मनाची तीव्र खिन्नता यांमुळे अनेक रोगी उपचार अर्धवट सोडून देत. इतके सोसूनही विषाणूच्या पहिल्या जनुकप्रकारात निम्म्याच्या आसपास रोगी बरे होत. भारतात अधिक आढळणाऱ्या तिसऱ्या प्रकारात हे प्रमाण बरेच चांगले होते.

कोणाला गुण येईल व कोणाला येणार नाही, याचा उलगडा मात्र अनपेक्षित झाला. ज्या रोग्यांच्या यकृतात इंटरफेरॉनची जनुके आधीपासूनच जोरात चालू होती, त्यांनाच बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनचा उपयोग कमी होत असे. आधीच सतत चालू असलेली आणि तरीही विषाणूला न जुमानणारी यंत्रणा आणखी चेतविली तरी तिच्यातून नवे काही निघत नाही. २००९ साली निरनिराळ्या संशोधकगटांना असेही आढळून आले की, इंटरफेरॉनच्याच एका जातीच्या जनुकाशेजारी असलेला वारशाने येणारा लहानसा फरक उपचाराच्या यशापयशाशी निगडित आहे. आफ्रिकी वंशाच्या रोग्यांत गुण कमी का येतो, याचा बराचसा खुलासा त्यातून झाला. हे संशोधन उपचारशास्त्रात फार काळ उपयोगी पडले नाही, कारण थोड्याच वर्षांत इंटरफेरॉनच मागे पडले; परंतु मानवी प्रतिरक्षेविषयीच्या ज्ञानात त्याने पडलेली भर मोलाची आहे.

थेट विषाणूवर मारा

२०११ पासून विषाणूच्या स्वतःच्या यंत्रणेवर आघात करणारी औषधे आली. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सोफॉसबुव्हिरने चित्र पालटले. हे औषध विषाणूच्या नकला करणाऱ्या एंझाइमला अडविते. डॅक्लाटॅस्व्हिर, व्हेल्पाटॅस्व्हिर यांसारखी जोडीची औषधे दुसऱ्या एका आवश्यक प्रथिनाला निकामी करतात. रोज तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या, सामान्यतः बारा आठवडे, आणि शंभरातील पंचाण्णवच्या आसपास रोगी बरे, असे या उपचाराचे स्वरूप आहे. सुरुवातीला अमेरिकेत एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. २०१४ साली भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाले आणि २०१५ पासून येथे तयार झालेल्या गोळ्यांनी तो खर्च सामान्य रोग्याच्या व शासनाच्याही आवाक्यात आणला.

विषाणू समूळ जातो, यामागे एक मूलभूत कारण आहे. एच. आय. व्ही. आपला वंशलेख मनुष्याच्या जनुकसंचात गुंतवितो. ‘बी’ विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपला साठा ठेवतो. ‘सी’ विषाणूचा सारा कारभार केंद्रकाबाहेर चालतो. नकला थांबल्या की जुन्या प्रती झिजून जातात आणि लपून राहण्यास जागा उरत नाही. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आर. एन. ए. सापडला नाही, तर रोगी रोगमुक्त झाला असे मानतात, आणि तो निर्णय सहसा बदलावा लागत नाही.

या उपचारात प्रतिरक्षेला थेट काहीच दिले जात नाही. म्हणूनच विषाणूचा भार उतरल्यावर ती आपोआप कितपत सावरते, हे पाहण्याची अपूर्व संधी संशोधकांना मिळाली. अनेक वर्षे चाललेला संसर्ग काही आठवड्यांत पूर्णपणे थांबला आहे, अशी दुसरी उदाहरणे मानवी रोगांत फार थोडी आहेत.

काय सावरते, काय सावरत नाही

पहिली फळी लवकर शांत होते. यकृतातील इंटरफेरॉनची जनुके उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांतच मंदावतात. दाहाचे रक्तातील निर्देशक उतरतात. नैसर्गिक मारक पेशींचे वर्तन बव्हंशी पूर्ववत होते. विषाणूमुळे सतत डिवचल्या गेलेल्या प्रतिपिंडजनक पेशी काही रोग्यांत विकृत प्रथिने तयार करतात व त्यांमुळे पायांवर जांभळे चट्टे, सांधेदुखी, क्वचित मूत्रपिंडाचा विकार उद्भवतो. तोही पुष्कळ रोग्यांत ओसरतो.

टी-पेशींची गोष्ट वेगळी आहे. वर्षानुवर्षे त्याच त्या शत्रूशी झुंजणाऱ्या मारक टी-पेशी ‘थकतात’. हा शब्द येथे शास्त्रीय अर्थाने वापरला जातो. अशा पेशींच्या पृष्ठभागावर त्यांना आवर घालणारी प्रथिने वाढलेली असतात; त्यांची संख्यावाढीची व बाधित पेशी मारण्याची क्षमता घटलेली असते. विषाणू गेल्यावर यांतील पूर्णपणे थकलेल्या पेशी बऱ्याच अंशी नाहीशा होतात आणि स्मृतिपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी उरतात. प्रारंभी यामुळे मोठी आशा निर्माण झाली होती. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून असे दिसून आले की, या उरलेल्या पेशी वरकरणी स्मृतिपेशींसारख्या असल्या तरी त्यांच्या केंद्रकातील जनुकांची मांडणी थकलेल्या पेशींसारखीच राहते. संशोधकांनी तिला ‘व्रण’ म्हटले आहे. जखम भरली, पण वण राहिला. यकृतात व आतड्याच्या अस्तरात पहारा करणाऱ्या टी-पेशींच्या आणखी एका जातीची घटलेली संख्याही उपचारानंतर पूर्णपणे भरून येत नाही.

येथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ज्यांनी औषधावाचून विषाणू घालविला, त्यांना पुन्हा बाधा झाली तर तीही आपोआप जाण्याचा संभव पुष्कळ असतो. त्यांची स्मृती शाबूत असते. दीर्घकालीन रोगातून गोळ्यांनी बरे झालेल्यांना असा भरवसा देता येत नाही. त्यांचे शरीर विषाणूमुक्त असते, पण विषाणूपासून सुरक्षित नसते. अस्वच्छ सुई पुन्हा टोचली गेली तर रोग पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो, आणि नशेसाठी सुया वापरणाऱ्या व्यक्तींत तसे घडत असल्याचे अनेक देशांत आढळले आहे. पुन्हा उपचार करता येतात, हे खरे. परंतु ज्या गावात किंवा ज्या दवाखान्यात सुईचा दोष कायम आहे तेथे केवळ गोळ्या वाटून संसर्ग आटोक्यात येणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिक सोपे आहे. प्रतिपिंडे ही झालेल्या लढाईची नोंद असते, चालू असलेल्या लढाईची नव्हे. विषाणू गेल्यावरही ती अनेक वर्षे, बहुधा आयुष्यभर, रक्तात राहतात. बहुतेक ठिकाणी प्रथम केली जाणारी स्वस्त व झटपट चाचणी या प्रतिपिंडांचीच असते. ती बरे झालेल्या मनुष्यातही होकारार्थी येणार. विषाणू आहे की नाही हे फक्त आर. एन. ए. चाचणीच सांगू शकते.

झाकलेला ‘बी’ विषाणू

उपचारकाळातील एक धोका प्रतिरक्षेच्या या बदलातूनच उद्भवतो. काही रोग्यांच्या यकृतात ‘सी’ व ‘बी’ हे दोन्ही विषाणू असतात. अशा वेळी ‘सी’ मुळे चेतलेली प्रतिरक्षा ‘बी’ लाही दाबून ठेवते. गोळ्यांनी ‘सी’ हटला की प्रतिरक्षा शांत होते आणि दबलेला ‘बी’ डोके वर काढतो. अशा काही रोग्यांचे यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रण प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये या औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. म्हणून उपचारापूर्वी ‘बी’ ची तपासणी टाळून चालत नाही. ‘बी’ ची लस उपलब्ध आहे, ‘सी’ ची नाही. टी-पेशींना चेतविणाऱ्या एका लसीची अमेरिकेत चाचणी झाली. २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लसीने टी-पेशी जागविल्या, पण दीर्घकालीन संसर्ग रोखला नाही.

इजिप्त आणि पंजाब

सुईच्या दोषाने केवढे संकट ओढवते, याचे सर्वांत मोठे उदाहरण इजिप्तचे आहे. नाईल नदीच्या खोऱ्यातील बिल्हार्झिया या कृमिरोगावर १९५० नंतर सुमारे तीस वर्षे तेथे शासकीय मोहिमांतून इंजेक्शने दिली गेली. हेतू उत्तम होता. पिचकाऱ्या व सुया मात्र नीट उकळल्या जात नव्हत्या. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांच्या रक्तात ‘सी’ ची प्रतिपिंडे आढळली. नवी औषधे आल्यावर त्याच शासनाने २०१८-१९ मध्ये सुमारे सात महिन्यांत जवळजवळ ५ कोटी प्रौढांची तपासणी केली. प्रतिपिंडे आढळून पुढील तपासणीस आलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत प्रत्यक्ष विषाणू होता. म्हणजे होकारार्थी आलेल्या दर चौघांतील एकाला उपचाराची गरजच नव्हती. ज्यांच्या उपचारांचा अखेरचा निष्कर्ष कळला, त्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक रोगी बरे झाले.

आपल्या देशात पंजाब राज्याने जून २०१६ मध्ये विनामूल्य उपचारांची योजना सुरू केली. यकृतविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांतच असतात, ही अडचण ओळखून जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेमार्फत प्रशिक्षण देण्यात आले. पहिल्या सुमारे ४८,००० रोग्यांच्या अभ्यासात, उपचार पूर्ण करून अखेरच्या तपासणीस आलेल्यांपैकी ९१ टक्क्यांहून अधिक रोगमुक्त ठरले. त्यानंतर २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक यकृतशोथ दिनी, केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम आरंभिला. महाराष्ट्रासह सर्व राज्यांत ठरवून दिलेल्या शासकीय रुग्णालयांतून त्याखाली तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

गावपातळीवर

ज्यांना पूर्वी, विशेषतः रक्ताची ‘सी’ करिता तपासणी सुरू होण्याआधी, रक्त चढविले गेले. ज्यांचे डायालिसिस चालू आहे. ज्यांनी एकाच सुईने अनेकांना टोचणाऱ्या वैदूकडून किंवा डॉक्टरकडून इंजेक्शने घेतली. ज्यांनी जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतले, त्यांनी एकदा तपासणी करून घेणे इष्ट होय. न्हाव्याच्या वस्तऱ्याचे पाते प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे असावे, एवढा आग्रह कोणतीही ग्रामपंचायत धरू शकेल. सर्दी-तापासाठी सुईचाच हट्ट धरणारा रोगी आणि तो हट्ट पुरविणारा दवाखाना, हे दोघेही या रोगाला मदत करतात.

एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने किंवा एका बाकावर बसल्याने ‘सी’ विषाणू पसरत नाही. आईच्या दुधातूनही नाही. बाधित विद्यार्थ्याला वर्गात वेगळे बसविण्यास किंवा कर्मचाऱ्याला कामावरून दूर ठेवण्यास या रोगाच्या शास्त्रात आधार सापडत नाही. बरे झालेल्या व्यक्तीच्या वैद्यकीय कागदपत्रांत उपचार संपल्याची तारीख आणि बारा आठवड्यांनंतरच्या आर. एन. ए. चाचणीचा निकाल, या दोन नोंदी स्पष्ट असाव्यात. म्हणजे पुढे कोणी प्रतिपिंडांच्या चाचणीवरून तिला रोगी ठरविणार नाही. अशा व्यक्तीला रक्तदान मात्र करता येत नाही. पुन्हा संसर्गाची शंका आली तर आर. एन. ए. चाचणीच करावी लागते. आणि ज्यांना उपचारापूर्वीच सिऱ्हॉसिस झालेला होता, त्यांनी विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावयाची असते, कारण त्यांच्यातील कर्करोगाचा धोका कमी झाला तरी संपत नाही.